वन्स मोअर! जुन्या मालिका आणि संगीतपटांच्या पडद्यामागचे किस्से

संगीत नाटकाचा प्रेक्षक मोठा हिशेबी. पद आवडलं की तिथल्या तिथे ‘वन्स मोअर’ची आरोळी ठोकायचा आणि तिकिटाचे पैसे दुप्पट वसूल करायचा. सिनेमाच्या पडद्याला आणि टीव्हीच्या खोक्याला अशी आरोळी ऐकू जात नाही. तरीही अमेरिकेतल्या जुन्या मालिकांचा आणि संगीतपटांचा इतिहास उघडला की जागोजागी वन्स मोअरच भेटतो. पहिल्या खेळाला पडलेलं, वाहिनीने गुंडाळलेलं, निर्मात्यांनी कापायला काढलेलं बरंच काही दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत लोकांच्या घरात शिरलं आणि तिथेच मुक्काम ठोकून बसलं. आज ‘क्लासिक’ म्हणून मिरवणारे कितीतरी जण रिपीट टेलिकास्टचे ऋणी आहेत.

खालची निवड आमच्या आवडीची, म्हणून उघड उघड पक्षपाती. वाचता वाचता भांडावंसं वाटलं तर उत्तमच.

हट्टातून जन्मलेला रिपीट

१९५१ साली सीबीएस वाहिनीला ल्युसिल बॉलची विनोदी मालिका हवी होती. तेव्हाचे मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित व्हायचे. दुसऱ्या टोकाच्या प्रेक्षकांच्या वाट्याला यायची ती टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून काढलेली अंधुक नक्कल. पण ल्युसिल आणि तिचा नवरा देसी अर्नाझ यांना कॅलिफोर्नियातलं घर सोडायचं नव्हतं. देसीने तोडगा काढला. मालिका सिनेमासारखी ३५ मिलिमीटर फिल्मवर घ्यायची, तीन कॅमेरे एकाच वेळी चालवायचे आणि समोर खरेखुरे प्रेक्षक बसवायचे.

खर्च वाढला. जोडप्याने मानधन कमी करून घेतलं आणि त्या बदल्यात फिल्मची मालकी मागितली. वाहिनीने ती देऊनही टाकली. एकदा दाखवून झालेल्या भागाला विचारतो कोण, असाच तेव्हाचा व्यवहार होता! तिन्ही कॅमेऱ्यांना एकदम चालेल अशी प्रकाशयोजना करायला आला कार्ल फ्रॉइंड. १९२७च्या ‘मेट्रोपोलिस’चं छायाचित्रण करणाऱ्यांपैकी एक असलेला हा जर्मन उस्ताद आता एका गृहिणीच्या फजितीवर दिवे टाकत होता.

पुढे ल्युसिलच्या बाळंतपणाच्या काळात जुने भाग पुन्हा दाखवले गेले आणि लोकांनी तेही चवीने पाहिले. ‘आय लव्ह लुसी’ या त्या मालिकेचे हक्क सीबीएसला नंतर लाखो डॉलर मोजून परत घ्यावे लागले. आणि ज्या आरकेओ स्टुडिओत १९४० साली ‘टू मेनी गर्ल्स’च्या वेळी दोघांची ओळख झाली होती, तो अख्खा स्टुडिओच या नवरा-बायकोने विकत घेतला.

आमचा आवडता भाग? सरकत्या पट्ट्यावरून धावणारी चॉकलेटं गुंडाळता गुंडाळता लुसी आणि तिची शेजारीण एथेल ती तोंडात, टोपीत, झग्यात कोंबतात तो. सत्तर वर्षं उलटली, तरी त्या पट्ट्याचा वेग कमी झालेला नाही.

बाळ जिंकलं, राष्ट्राध्यक्ष हरले

ल्युसिल खरोखर गरोदर होती, म्हणून पडद्यावरची लुसीही गरोदर दाखवली. १९ जानेवारी १९५३ रोजी मालिकेत लुसीला मुलगा झाला आणि त्याच दिवशी ल्युसिललाही मुलगाच झाला. तो भाग सुमारे ४.४ कोटी लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. तो सोहळा पाहिला सुमारे २.९ कोटींनी.

लुसीबाईंचं अंतराळयान

१९६२ साली ल्युसिलने घटस्फोटित नवऱ्याचा हिस्सा विकत घेतला आणि ‘डेसिलू’ या दोघांच्या स्टुडिओचा कारभार एकटीने हाती घेतला. हॉलिवूडमध्ये एवढा मोठा टीव्ही स्टुडिओ चालवणारी ती पहिली बाई. तिच्या काळात डेसिलूतून निघालेल्या दोन मालिका म्हणजे ‘मिशन : इम्पॉसिबल’ आणि ‘स्टार ट्रेक’.

‘स्टार ट्रेक’चा पहिला नमुना-भाग एनबीसीने नाकारला आणि दुसरा करायला सांगितला. दुसरी संधी इथेही! मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९मध्ये बंद पडली. मग गावोगावच्या छोट्या केंद्रांनी ते भाग स्वस्तात घेऊन दाखवायला सुरुवात केली आणि खरे भक्त तिथून वाढले. आपल्याकडेही १९८०च्या दशकात दूरदर्शनने ती दाखवली. १९७६पर्यंत भक्तांची ताकद इतकी झाली होती, की त्यांच्या पत्रांच्या माऱ्यामुळे अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला मालिकेतल्या यानाचं नाव मिळालं, ‘एंटरप्राइझ’.

या मालिकेची सगळ्यात मोठी कल्पना काटकसरीतून आली आहे. दर आठवड्याला नव्या ग्रहावर यान उतरवून दाखवणं खिशाला परवडेना, म्हणून माणसांना किरणांनी विरघळवून थेट खाली पोचवायची युक्ती निघाली. यानावरच्या डॉक्टर मॅकॉयची काही भविष्यकालीन उपकरणं तर चक्क मीठदाण्या होत्या. एका भागासाठी विचित्र आकाराच्या मीठदाण्या आणल्या, पण त्या मीठदाण्या आहेत हे कुणाला कळलंच नसतं. मग त्यांची बदली शस्त्रक्रियेच्या खात्यात झाली.

उहुराची भूमिका करणारी निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडायला निघाली होती. तिला थांबवलं ते मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर यांनी. कृष्णवर्णीय बाई यानावर अधिकाराच्या खुर्चीत बसलेली दिसते, ही जागा रिकामी करू नकोस, असं त्यांनी समजावलं. ती थांबली.

इंद्रधनुष्य कात्रीतून सुटलं

आता संगीतपटांकडे. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ १९३९चा. सोळा वर्षांच्या ज्यूडी गारलंडने गायलेलं ‘ओव्हर द रेनबो’ हे त्यातलं गाणं चाचणीच्या खेळानंतर कापायचं घाटत होतं. सुरुवात लांबते, असं स्टुडिओतल्या मंडळींचं म्हणणं. ते कसंबसं बचावलं आणि सर्वोत्कृष्ट गाण्याचं ऑस्कर घेऊन आलं.

पण चित्रपटाने खर्चाच्या मानाने पहिल्या फेरीत काही कमावलं नाही. तो घराघरांत पोचला टीव्हीमुळे. ३ नोव्हेंबर १९५६ रोजी सीबीएसने तो पहिल्यांदा दाखवला आणि १९५९पासून दरवर्षी दाखवायचा रिवाजच पडला. पोरांना वर्षातून एकदाच मिळणारा सण! गंमत म्हणजे घरोघरी संच होते कृष्णधवल. नायिका डोरोथी करड्या कॅन्ससमधून रंगीत ऑझमध्ये दार उघडून शिरते तो सिनेमाच्या इतिहासातला गाजलेला क्षण कित्येकांनी वर्षानुवर्षं करड्यातून करड्यात जाताना पाहिला.

मूळ पुस्तकात डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. टेक्निकलरमध्ये उठून दिसावेत म्हणून ते माणकासारखे लाल झाले. त्यांतला एक जोड २००५ साली मिनेसोटातल्या ज्यूडी गारलंड संग्रहालयातून चोरीला गेला, २०१८मध्ये एफबीआयला सापडला आणि डिसेंबर २०२४मध्ये लिलावात सगळं धरून ३.२५ कोटी डॉलरला गेला. त्या बुटांनी घरी परत जाता येतं, हे खरंच निघालं म्हणायचं.

पत्र्याचा माणूस श्रीमंत झाला

‘ऑझ’मधला पत्र्याचा माणूस आधी बडी एब्सन करणार होता. चेहऱ्यावर लावलेली ॲल्युमिनियमची पूड फुप्फुसांत गेली आणि तो थेट रुग्णालयात पोचला. भूमिका जॅक हेलीला मिळाली आणि त्याच्यासाठी पुडीऐवजी लेप वापरला गेला. एब्सनचं नशीब उघडलं ते टीव्हीवर. १९६२ साली सुरू झालेल्या ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ या तुफान मालिकेत तेल सापडून अचानक कोट्यधीश झालेला खेडूत जेड क्लॅम्पेट तोच.

आवाज कुणाचा?

पार्श्वगायन ही आपल्याला सूर्योदयाइतकी साधी गोष्ट. हॉलिवूडमध्ये मात्र ती लपवायची बाब होती. ‘द किंग अँड आय’मध्ये (१९५६) डेबोरा कर, ‘वेस्ट साइड स्टोरी’त (१९६१) नताली वुड आणि ‘माय फेअर लेडी’त (१९६४) ऑड्री हेपबर्न. तिघींच्या गळ्यात आवाज एकाच बाईचा, मार्नी निक्सनचा. पडद्यावर श्रेय कुठेच नाही. नताली वुड तर गाणी स्वतःच्याच आवाजात राहणार या समजुतीत होती. ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या रेकॉर्डवर मार्नीला वाटा मिळेना, तेव्हा संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइनने स्वतःच्या मानधनातला एक अंश तिच्या नावे केला. आपल्याकडेही ‘महल’च्या (१९४९) रेकॉर्डवर आधी लताबाईंऐवजी पात्राचं, ‘कामिनी’चं नाव छापलं होतं. तेव्हा फार नाक वर करायला नको.

मार्नी पडद्यावर दिसली ती ‘द साउंड ऑफ म्युझिक’मध्ये, जोगिणींच्या घोळक्यातली सिस्टर सोफिया म्हणून. आणि तिचा मुलगा अँड्र्यू गोल्ड? त्याने १९७८ साली मैत्रीवर एक गाणं केलं. पुढे दुसऱ्या गायिकेच्या आवाजात तेच ‘द गोल्डन गर्ल्स’ या मालिकेचं शीर्षकगीत झालं. संगीतपटांतला बिननावाचा आवाज आणि टीव्हीवरची सगळ्यांना पाठ असलेली धून, दोन्ही एकाच घरातली.

तिढ्यातला तिढा

आमच्या मते संगीतपटांचा राजा ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२). कथा मूकपटांचे बोलपट होण्याच्या काळातली. नायिका लीनाचा आवाज कर्कश, म्हणून पडद्यामागून कॅथी तिच्यासाठी बोलते आणि गाते. लीना झालीय जीन हेगन, कॅथी झालीय डेबी रेनल्ड्स. आता कान टवकारा. कॅथी लीनासाठी संवाद बोलते त्या दृश्यात ऐकू येणारा भारदस्त आवाज खुद्द जीन हेगनचाच आहे! म्हणजे हेगनसाठी बोलणाऱ्या डेबीसाठी हेगन बोलली. आणि त्याच प्रसंगातलं डेबीचं गाणं गायलं बेटी नॉइस या तिसऱ्याच बाईने. आवाजाच्या चोरीवरच्या सिनेमात एवढ्या उसनवाऱ्या!

एकोणीस वर्षांची डेबी मुळात नर्तिका नव्हती. एका गाण्याच्या शूटिंगनंतर तिच्या पायांतून रक्त आलं होतं. नायक जीन केलीच्या अंगात सणसणीत ताप होता आणि तो पावसात नाचत होता. शिवाय यातली बहुतेक गाणी जुनीच, एमजीएम स्टुडिओच्या कपाटातून काढलेली. शीर्षकगीत तर १९२९च्या चित्रपटातलं. ऑस्करची नामांकनं मिळाली फक्त दोन आणि पुरस्कार शून्य. आज सर्वोत्तम चित्रपटांच्या याद्या निघाल्या की हा हमखास वरच्या रांगेत असतो.

फुलराणीचा सूड

‘माय फेअर लेडी’ ब्रॉडवेवर १९५६ साली गाजवली ज्युली अँड्र्यूजने. दुसऱ्याच वर्षी, ३१ मार्च १९५७ला, तिने टीव्हीसाठी खास लिहिलेल्या ‘सिंड्रेला’ या संगीतिकेत थेट प्रक्षेपणात काम केलं. प्रेक्षक दहा कोटींच्या वर. प्रक्षेपण रंगीत होतं, उरली आहे ती कृष्णधवल नक्कल.

एवढं असूनही ‘माय फेअर लेडी’चा चित्रपट करताना निर्माता जॅक वॉर्नरला ज्युली पुरेशी नामवंत वाटली नाही. त्याने ऑड्री हेपबर्नला घेतलं. ज्युली मोकळी झाली, तिला वॉल्ट डिस्नेने ‘मेरी पॉपिन्स’ दिला आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर तिलाच मिळालं. ‘माय फेअर लेडी’ने आठ ऑस्कर उचलली, पण ऑड्रीला नामांकनही नव्हतं. गोल्डन ग्लोब स्वीकारताना ज्युलीने हसत हसत जॅक वॉर्नरचेही आभार मानले. सभ्य भाषेतला एवढा नेमका टोला पुण्यातही क्वचितच ऐकू येतो.

या कथेचं मूळ बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’. आपल्या नाटकावर संगीतिका करायला शॉ अजिबात तयार नव्हता, म्हणून ती त्याच्या मृत्यूनंतर झाली. मराठीत त्याच मुळावरून पुलंनी ‘ती फुलराणी’ केली आणि १९७५ साली भक्ती बर्वेंनी ती रंगभूमीवर अशी उभी केली, की त्यातली मंजुळा मूळची कुठली हेच लोक विसरले. आमचं मत विचाराल, तर ऑड्री सुंदर, ज्युली सुरेल, पण ठसका मंजुळेचाच.

साखरेचा चमचा, पोलिओचा डोस

‘मेरी पॉपिन्स’मधलं चमचाभर साखरेचं गाणं सुचलं लसीकरणावरून. रॉबर्ट शर्मन या गीतकाराच्या मुलाला शाळेत पोलिओची लस मिळाली. दुखलं का, असं बापाने विचारलं, तर कळलं की लस साखरेच्या खड्यावर घालून दिली होती. गाण्याचं काम झालं.

त्यातला बर्ट म्हणजे टीव्हीचा लाडका डिक व्हॅन डाइक. ‘द डिक व्हॅन डाइक शो’ ही त्याची मालिका पहिल्या वर्षानंतर बंद पडता पडता वाचली होती. या अमेरिकी गड्याने लंडनच्या गल्लीतली बोली इतकी वाईट बोलली, की ब्रिटिश आजवर चिडवतात. २०१७ साली त्याने जाहीर माफी मागून टाकली. याच चित्रपटात बँकेचा खंगलेला म्हातारा मालकही तोच आहे. ही भूमिका मिळावी म्हणून त्याने फुकट काम करायची तयारी दाखवली आणि वर डिस्नेच्या कला-संस्थेला चार हजार डॉलरची देणगी दिली. पैसे देऊन भूमिका घेणारा नट! २०१८च्या ‘मेरी पॉपिन्स रिटर्न्स’मध्ये नव्वदी ओलांडलेला हाच माणूस टेबलावर चढून नाचला.

डोंगरापलीकडे कोण?

‘द साउंड ऑफ म्युझिक’च्या (१९६५) शेवटी ट्रॅप कुटुंब डोंगर ओलांडून स्वातंत्र्याकडे जातं. कथा घडते त्या ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या माणसांना तिथेच हसू फुटतं. तिथला डोंगर ओलांडला तर पोचाल जर्मनीत, आणि तेही हिटलरचा पर्वतावरचा बंगला होता त्या बेर्ख्तेसगाडेनच्या अंगाला! खरं कुटुंब १९३८ साली रीतसर आगगाडीत बसून इटलीला गेलं.

‘एडलवाइस’ ऐकून ते ऑस्ट्रियाचं जुनं लोकगीत वाटतं. ते रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या अमेरिकी जोडीने लिहिलेलं आहे आणि हॅमरस्टाइनचं ते अखेरचं गीत. कॅप्टन झालेल्या ख्रिस्तोफर प्लमरचा गाण्यातला आवाज बिल ली याचा. सुरुवातीच्या हिरव्या कुरणावरच्या दृश्यात दर टेकला हेलिकॉप्टर जवळून जायचं आणि त्याच्या वाऱ्याने ज्युली अँड्र्यूज गवतात आडवी व्हायची. ज्युलीने ज्यांची भूमिका केली त्या खऱ्या मारिया बाईही एका गाण्यात मागून चालत जाताना दिसतात. शोधा बरं!

आईविना वाढणारी द्वाड मुलं आणि गाण्याने त्यांना जिंकणारं कुणीतरी, हे सूत्र आपल्याला १९७२च्या ‘परिचय’मध्ये भेटलं. कथेचा आधार बंगाली कादंबरीचा, पण गुलजारांच्या त्या घरात साल्झबर्गचं वारं शिरलेलं लगेच जाणवतं.

पेटीबंद हसू

जुन्या विनोदी मालिकांमागे खदखदणारा प्रेक्षक बऱ्याचदा पेटीत असे. चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने १९५०च्या दशकात हसण्याचं यंत्र बनवलं. कळ दाबली की खुदकन, दुसरी दाबली की खो-खो, पायाखालच्या पेडलने आवाज कमी-जास्त. ही पेटी कुलूप लावून तो स्टुडिओ-स्टुडिओ फिरायचा. आत काय आहे, ते कुणाला दिसू द्यायचा नाही.

‘मॅश’च्या (१९७२-८३) निर्मात्यांना युद्धातल्या रुग्णालयाच्या कथेत हे उसनं हसू नको होतं. वाहिनी ऐकेना. तडजोड अशी झाली, की शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ कुणी हसणार नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने ती हसण्याविनाच दाखवली. दोन्ही पाहून बघा, बिनहसूची मालिका जास्त हसवते.

ज्या कोरियन युद्धावर ती होती ते चाललं तीन वर्षं, मालिका चालली अकरा. २८ फेब्रुवारी १९८३चा अडीच तासांचा शेवटचा भाग साडेदहा कोटींच्या आसपास लोकांनी पाहिला. शीर्षकधुनीचे मूळ शब्द १९७०च्या चित्रपटासाठी लिहिले होते दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमनच्या किशोरवयीन पोराने. बापाला दिग्दर्शनाचे मिळाले ७० हजार डॉलर. पोराला त्या गाण्याने दहा लाखांवर मिळवून दिले, असं बापच हसत सांगायचा.

बोटीच्या नावाने शंख

१९६१ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी भर सभेत टीव्हीला ओसाड माळरान ठरवलं. शेरवूड श्वार्ट्झ या निर्मात्याने त्याचं उट्टं काढलं. ‘गिलिगन्स आयलंड’ या मालिकेत जी बोट फुटून सात जण बेटावर अडकतात, तिचं नाव त्याने ठेवलं ‘मिनो’!

पहिल्या भागाचं शूटिंग नोव्हेंबर १९६३मध्ये हवाईत चालू असताना केनेडींची हत्या झाली. पहिल्या वर्षीच्या शीर्षकदृश्यात बोट बंदरातून निघते तेव्हा मागचा झेंडा अर्ध्यावर उतरवलेला दिसतो. श्वार्ट्झ आणखी एक किस्सा सांगायचा. मालिका पाहून काही भाबड्या प्रेक्षकांनी तटरक्षक दलाला तारा केल्या, की त्या बिचाऱ्यांना सोडवायला बोट का पाठवत नाही? समीक्षकांनी झोडपलेली ही मालिका तीन वर्षांत संपली आणि पुढची कित्येक दशकं शाळा सुटल्यावर पोरांना भेटत राहिली.

नकलेची नक्कल

श्वार्ट्झचीच दुसरी मालिका ‘द ब्रेडी बंच’ (१९६९-७४). चालू असताना ती लोकप्रियतेच्या वरच्या यादीत कधी दिसली नाही, रिपीटमध्ये मात्र अमर झाली. सहा मुलांच्या त्या घरात न्हाणीघर दिसतं, कमोड कधीच दिसत नाही. घराचा बाहेरचा भाग खरा, आतलं सगळं स्टुडिओतला सेट. २०१८ साली एका अमेरिकी वाहिनीने ते खरं घर ३५ लाख डॉलरला घेतलं आणि आतून पाडून हुबेहूब सेटसारखं बांधलं. खोट्यावरून खरं करण्याची हौस बघा.

आधी खुनी, मग तपास

‘कोलंबो’ या मालिकेत खून कुणी केला हे पहिल्याच फेरीत दाखवून टाकतात. तरीही प्रेक्षक जागचा हलत नाही, कारण गंमत पकडण्यात आहे. कोलंबोचा चुरगळलेला रेनकोट ती भूमिका करणाऱ्या पीटर फॉकचा स्वतःचा. त्याचा उजवा डोळा काचेचा, लहानपणीच्या आजारपणात गेलेला. बायकोच्या गोष्टी कोलंबो सारख्या सांगतो, ती मात्र मालिकेत एकदाही दिसत नाही. ही भूमिका आधी संगीतपटांचा तारा बिंग क्रॉस्बीला देऊ केली होती. १९७१च्या नियमित मालिकेचा पहिला भाग दिग्दर्शित केला एका कोवळ्या पोराने. त्याचं नाव स्टीव्हन स्पीलबर्ग.

फटाफट

‘रॉयल वेडिंग’मध्ये (१९५१) फ्रेड अस्टेअर भिंतीवर आणि छतावर नाचतो. अख्खी खोली पोलादी पिंपात बसवून गोल फिरवली होती आणि कॅमेरामन खोलीबरोबर उलटा होत होता.

‘अँकर्स अवे’मध्ये (१९४५) जीन केलीला मिकी माउसबरोबर नाचायचं होतं. डिस्नेने नकार दिला. मग ‘टॉम अँड जेरी’तला जेरी धावून आला.

‘फिडलर ऑन द रूफ’मधला (१९७१) मातकट सोनेरी रंग आला कॅमेऱ्याच्या भिंगावर ताणलेल्या बायकी पायमोज्यातून. छायाचित्रकार ऑस्वल्ड मॉरिसला ऑस्कर मिळालं.

‘द हनीमूनर्स’ या मालिकेचे मूळ भाग अवघे ३९. त्यावरून स्फूर्ती घेऊन अश्मयुगात नेलेलं घर म्हणजे ‘द फ्लिंटस्टोन्स’.

‘द ॲडम्स फॅमिली’ आणि ‘द मन्स्टर्स’, दोन भुताळी कुटुंबं १९६४च्या सप्टेंबरमध्ये काही दिवसांच्या अंतराने टीव्हीवर आली आणि दोन्ही १९६६मध्ये गेली.

पुसलेलं आणि वाचलेलं

अटलांटिकच्या अलीकडचा एक किस्सा सांगायलाच हवा. ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ला दाखवला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवला. सुरुवातच वन्स मोअरने! पण पुढे टेपा महाग, कपाटं अपुरी म्हणून १९६०च्या दशकातले पुष्कळ भाग बीबीसीने पुसून टाकले. काहींच्या फिल्मी प्रती परदेशी केंद्रांत सापडल्या. २०१३ साली नायजेरियातून नऊ भाग परत आल्याची बातमी आली. चित्र हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शाबूत आहे, कारण काही चाहते टीव्हीशेजारी टेपरेकॉर्डर लावून बसले होते.

आपल्या ‘रामायण’चं नशीब बरं. १९८७-८८मधली ती मालिका २८ मार्च २०२०पासून टाळेबंदीत दूरदर्शनने पुन्हा लावली आणि तिच्या पहिल्या प्रेक्षकांची नातवंडं समोर मांडी घालून बसली.

आमची बक्षिसं

सर्वोत्कृष्ट व्यवहार : देसी अर्नाझ. मानधन सोडून फिल्म मागणारा माणूस मुंबईतही खपून गेला असता.

सर्वोत्कृष्ट आभारप्रदर्शन : ज्युली अँड्र्यूज.

सर्वाधिक अन्याय झालेला गळा : मार्नी निक्सन. प्रतिस्पर्धी कुणी नाही.

सर्वोत्कृष्ट भूगोल : ‘द साउंड ऑफ म्युझिक’ला शून्य गुण, तरीही पुढच्या वर्गात बढती.

एका रविवारी लागोपाठ पाहायची जोडी : दुपारी ‘सिंगिंग इन द रेन’, संध्याकाळी लुसीचा चॉकलेटवाला भाग.

सर्वोत्कृष्ट प्रेक्षक : टेपरेकॉर्डर लावून बसलेले ‘डॉक्टर हू’चे चाहते. निर्मात्यांनी टाकून दिलेलं त्यांनी जपून ठेवलं, आणि आवडीचा याहून सज्जड पुरावा आमच्या पाहण्यात नाही.

यात तुमची लाडकी मालिका नसेल, तर दोष आमच्या पक्षपाताचा. तुमची यादी तुम्ही करा. नियम एकच. निदान दोनदा पाहिलेलं असेल तरच नाव घालायचं.